एका तिकिटाची बचत

नेरूळ, न्यू बॉम्बे
९ फेब्रुवारी १९८६
(पोस्टकार्ड)

चि. वैशाली,

जयभीम. अक्षर मुद्दाम बारीक काढलं आहे. एका कार्डात मावेल तेवढं बसवणार, दुसरं कार्ड आणणार नाही.

तू पूर्णेला तुझ्या दादाकडे जाऊन आज महिना झाला. पहिल्या बाळंतपणाला सून माहेरी जाते ती सातव्या महिन्यात, डोहाळजेवण करून, सासूने गाडीत बसवून दिल्यावर. तू गेलीस पाचव्यात, पहाटेच्या बसने, दोन साड्या पिशवीत कोंबून. आणि कशासाठी, तर एका जुन्या लुगड्यासाठी. ते मी भांडेवालीला दिलं हे खरं. पेटीच्या तळाशी पिवळं पडलेलं कापड होतं, ते देऊन झाकणासकट स्टीलचं पातेलं घेतलं. तुझ्या आईचं होतं हे मला काय माहीत? तू बोलली असतीस तर हात लावला नसता.

घर नीट चाललं आहे. पाणी सकाळी तासभरच येतं, त्यात माझं सगळं होतं. पितळी स्टोव्ह तीस वर्षांचा झाला, अजून एका काडीत पेटतो. साबणाचे तुकडे विलासच्या फाटक्या मोज्यात भरले आहेत, त्यावर महिनाभर भांडी निघतील. तू या मोज्याला हसायचीस, पदर तोंडाला लावून. मला दिसायचं. मी कधी रागावले का?

मे अखेरीला तुझे दिवस भरतात. राग गिळ आणि परत ये. नातवंडाचं तोंड मला माझ्या घरात बघायचं आहे. दूध वेळेवर घे. जागा संपली.

वेणूबाई


नेरूळ
२ मार्च १९८६
(कार्ड पहिलं)

चि. वैशाली,

जयभीम. या वेळी दोन कार्डं आणली आहेत, यावरून काय ते समज.

विलास परवा पूर्णेहून आला. त्याला मी तुला आणायला पाठवलं होतं, तो रिकाम्या हाताने आला. तू त्याला चहा दिलास, जेवू घातलंस, त्याच्या शर्टाचं बटण लावून दिलंस आणि सांगितलंस की येणार नाही. बाळंतपणानंतरही नाही. दादाच्या ओळखीने बालवाडीत काम मिळेल म्हणालीस. पोरगा तुझं बोलणं जसंच्या तसं सांगेना. मी ताट पुढ्यात ठेवलंच नाही, मग त्याने सांगितलं. “जिथं माझ्या आईची किंमत एक पातेलं झाली, तिथं मी माझं लेकरू कसं आणू?” असं तू म्हणालीस म्हणे.

विलास म्हणतो, “आई, तिला उगाच टेन्शन देऊ नको. पत्रं पण नको टाकू.” त्याला म्हटलं, कार्ड माझं, शाई माझी, तू कामावर जा. तो रबाळ्याला गेला. फिटर माणूस, यंत्रांची भाषा कळते, बायकोची कळत नाही. सासूची तर मुळीच नाही.

(कार्ड दुसरं)

तू समजतेस तशी मी कंजूष नाही. कंजूष माणूस भुकेलं ठेवतो. माझ्या घरात कुणी उपाशी झोपलं नाही, गिरणीचा संप झाला तेव्हासुद्धा नाही, आणि विलासचे बाबा गेले त्या साली सुद्धा विलासची आयटीआय थांबली नाही. ते मोज्यातल्या साबणावर झालं. डाळ आधी भिजवून, आधण उतरवून, उरलेल्या धगीवर अंघोळीचं पाणी ठेवून झालं. राग आला की मी स्टोव्ह विझवून तांदूळ निवडायला बसते, कारण रागात रांधलं की रॉकेल जास्त जातं. अर्ध्या सुपात मन ठिकाणावर येतं. हल्ली मात्र खूप तांदूळ निवडून झालेत. डबा पुढल्या महिन्यापर्यंत भरला.

ते पातेलं मला सहा महिने हवं होतं. भांडेवाली गोजरा दर शनिवारी जिन्यात टोपली उतरवायची आणि मी दर शनिवारी तिला कपडे दाखवायची. विलासच्या दोन पँटी, माझी तीन लुगडी, एक चादर. ती म्हणायची, “मावशी, अजून एक दे, झाकन पन देते.” त्या दिवशी मी अजून एक दिलं. सहा महिने घासाघीस करून जिंकले, म्हणून संध्याकाळी तुला पातेलं मिरवून दाखवलं. तू त्याच्याकडे बघितलंस आणि फक्त विचारलंस, “पेटीतलं पांढरं?” त्यानंतर तू त्या दिवशी जेवली नाहीस. मला वाटलं, डोहाळ्यांचं असेल.

पातेल्यात मी तांदूळ भरले होते. काल काढून जुन्या डब्यात घातले.

वेणूबाई


नेरूळ
६ एप्रिल १९८६
(पोस्टकार्ड)

चि. वैशाली,

जयभीम. तुझं कार्ड मिळालं. तीन महिन्यांत पहिलं, आणि त्यावर एकच ओळ. “आत्याबाई, लुगड्याला टाचणीने चिठ्ठी लावली होती. ती तुम्ही वाचली होती का?” बाकी कार्ड कोरं. एवढी कोरी जागा टपालखात्याला फुकट देणारी सून मला मिळाली.

उत्तर देईन. कार्डावर देणार नाही. आमचा पोस्टमन हिरामण सगळी कार्डं वाचतो आणि तळमजल्यापासून वरपर्यंत बातमी त्याच्याआधी पोचते. तुझं कार्ड देताना म्हणाला, “मावशी, कसली चिठ्ठी हो?” मी म्हटलं, रेशनची.

तोवर एवढं ऐक. गोजराला शोधते आहे. जानेवारीपासून ती आमच्या सोसायटीत फिरकली नाही. शनिवारी येणारी बाई शनिवारीच दिसेनाशी झाली. पण मला शोधायचं म्हटलं की मी शोधते. तू काळजी करू नकोस, पाय वर घेऊन बसत जा. विलास सांगत होता पायाला सूज आहे. मीठ कमी कर.

वेणूबाई


नेरूळ
२७ एप्रिल १९८६
(अंतर्देशीय)

चि. वैशाली,

जयभीम. हे चिकटवून पाठवते आहे. हिरामणला आज उपास.

आधी गोजराचं सांगते, कारण ते सोपं आहे. सारसोळ्याला सुका जवळा आणायला गेले, तिथल्या कोळणीला विचारलं. ती म्हणाली, “भांडेवाली ना? ती आता बुधवारी येते गो. तिचा मानूस आजारी हाय, शनवारी दवाखान्यात असते.” मग तीन बुधवार सारसोळ्याच्या पाराजवळ बसले. घरून तांदूळ नेले निवडायला, वेळ का घालवा. तिसऱ्या बुधवारी ती आली. मला बघून आधी तिला वाटलं मी पातेलं परत करायला आले. टोपली उचलून निघालीच. “दिलेला माल वापस नाय घेत मावशी, आमचा पन पोट हाय.” मी तिचा हात धरला आणि सांगितलं, पातेलं नको, लुगडं हवंय. पांढरं, बिनकाठाचं, खांद्याजवळ तांबड्या दोऱ्याने रफू केलेलं. हाताखालून गेलेलं कापड मी विसरत नाही. पांढरा दोरा मिळाला नसेल म्हणून तुझ्या आईने तांबडा घातला असावा, टाके मात्र एकसारखे.

गोजरा खाली बसली. म्हणाली, साड्या, पँटी बाजारात जातात, पण जुना पांढरा सुती कपडा बाजारात जात नाही. तो तुर्भ्याच्या गोदामात जातो. तिथे बायका तो फाडतात, हातरुमालाएवढे तुकडे करतात आणि पोत्यात भरून कारखान्यांना विकतात, यंत्रांचं तेल पुसायला. जितकं धुतलेलं, जितकं मऊ, तितका भाव. “तुमचा लुगडा तर एकदम लोनी होता,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तुर्भ्याला गेले. गोदामवाल्याने पोत्यांकडे हात केला आणि सांगितलं, जानेवारीचा माल फेब्रुवारीतच गेला. कुठे गेला? बेलापूर रोडला, तळोज्याला, रबाळ्याला. घरी येऊन विलासला सांगितलं. तो जेवत होता. त्याने घास खाली ठेवला आणि स्वतःच्या हातांकडे बघत बसला. त्याच्या कारखान्यात दर सोमवारी असं एक पोतं येतं. तेव्हापासून तो पोत्यातला प्रत्येक तुकडा उलगडून बघतो, मगच हात पुसतो. बाकीचे त्याला चिडवतात, लॉटरी लागली का म्हणून. तुझा नवरा वाईट नाही, वैशाली. माझ्यावर गेला असता तर तुला आधीच उचलून आणलं असतं.

आता तुझा प्रश्न.

हो. वाचली होती. टाचणी काढली, चष्मा लावला आणि वाचली. “आईचं. नागपूर, दसरा १९५६.” अक्षर तुझं. कागद फुकट का घालवा म्हणून चिठ्ठीची घडी करून स्टोव्हच्या पिनांच्या डबीत ठेवली, आणि लुगडं गोजराच्या पुढ्यात टाकलं. पहिल्या कार्डात मी लिहिलं की मला काय माहीत. ते खोटं होतं. चिठ्ठी सोड, लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच तू मला सगळं सांगितलं होतंस. तुझी आई परभणीकडची शेतमजूर बाई. हातातली चांदीची कडी विकून पांढरं लुगडं घेतलं आणि तान्ह्या पोराला काखेत घेऊन नागपूरला दीक्षेला गेली. तू ते इतक्या कौतुकाने सांगत होतीस, आणि मी मधेच उठून भांडी घासायला घेतली. तुला वाटलं असेल, सासूला काम दिसतं फक्त.

आम्ही तेव्हा नायगावला चाळीत राहत होतो. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. चाळीतली निम्मी माणसं नागपूरला निघाली होती. आमच्याकडे दोघांचं भाडं होतं. विलासचे बाबा म्हणाले, “चल.” मी म्हटलं, तुम्ही जाऊन या. एकाचं भाडं वाचेल, त्यात स्टोव्ह येईल, चुलीच्या धुराने माझे डोळे जायची वेळ आली. बाबासाहेब पुढे मुंबईलाही येणारच आहेत, तेव्हा मी घेईन दीक्षा. ते दोनदा म्हणाले, चल. मी दोनदा हिशेब समजावून सांगितला. ते एकटे गेले आणि मी स्टोव्ह आणला.

दोन महिन्यांनी बाबासाहेब मुंबईला आले, पण त्यांना दिल्लीहून आणावं लागलं. मी दीक्षा घेतली ती दादरच्या चौपाटीवर, चितेसमोर, रडणाऱ्या माणसांत उभी राहून. त्या दिवशी नेसलेलं पांढरं लुगडं मी पुढे गोधडीच्या आत घातलं. कापड ते कापड, असं चारचौघींत सांगायची आणि त्यात मला मोठेपणा वाटायचा.

तुझ्या आईचं लुगडं हातात आलं तेव्हा तेच मनाशी म्हटलं, कापड ते कापड. तसं म्हणणं मला भागच होतं. ते नुसतं कापड असेल तर मी छप्पन्न साली काही गमावलेलं नव्हतं. त्यात एक शेतमजूर बाई कडी विकून गेली, आणि मी गिरणी कामगाराची बायको, घरात भाडं असून गेले नाही, हे मला तुझ्या पेटीत रोज दिसायचं. पातेलं निमित्त झालं.

ह्याची माफी मागते. खरं सांगितल्यावर मन शांत होतं म्हणतात. माझं काही झालं नाही. झोप मात्र लागेल असं वाटतं.

तुझी सासू,
वेणू


नेरूळ
८ जून १९८६
(पोस्टकार्ड)

चि. वैशाली,

जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. तुझ्या दादाचं कार्ड आलं. हिरामणने नेहमीप्रमाणे आधी वाचलं, आणि तिसऱ्या मजल्यावर यायच्या आधी जिन्यातूनच ओरडला, “मावशी, नात झाली!” इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या वाचण्याचा मला राग आला नाही. त्याला चहा दिला, साखर घालून.

विलास निघतोच आहे. त्याच्याकडे डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि माझ्या दोन मऊ लुगड्यांची बाळोती दिली आहेत. सगळी माझ्याच लुगड्यांची. कुणाची पेटी उघडलेली नाही.

माझ्या अंतर्देशीयाला तू उत्तर दिलं नाहीस. द्यायलाच हवं असं नाही. मुलीचं नाव काय ठेवणार ते मात्र कळव. बाळंतिणीने वाऱ्यात बसू नये. वजन किती भरलं? रंग विचारत नाही, आपल्या घरात रंग बघत नाहीत. नाक कुणाचं ते विचारते.

आजी


नेरूळ
२१ सप्टेंबर १९८६
(रजिस्टर्ड पाकीट)

चि. वैशाली,

जयभीम. रजिस्टर्ड पाकीट बघून तुझा दादा घाबरेल, वकिलाचं पत्र आलं म्हणून. आधी त्याला सांग, आत्याबाईंचं आहे, आणि आत कापड आहे. मग पुढे वाच.

विलास दर महिन्याला तुझ्याकडे येतो आणि तुझ्याबद्दल तीन वाक्यं सांगतो. मुलीचं नाव संघमित्रा ठेवलंस हे त्यानेच सांगितलं. चांगलं ठेवलंस. ती पालथी पडायला लागली आणि दिवा लावला की हसते, हेही त्याने सांगितलं. तिसरं वाक्य दर वेळी तेच असतं, की वैशाली अजून काही बोलली नाही. मी त्याला आता पुढचं विचारत नाही. मी सुनेला हुकूम सोडणारी बाई आहे. उत्तराची वाट बघणं मी या पाच महिन्यांत शिकले.

या पाच महिन्यांत मी तुर्भ्याला जाणं सोडलं नाही. दर गुरुवारी जायचे. गोदामवाला आधी हाकलायचा, मग खुर्ची द्यायला लागला. मी खुर्चीवर बसले नाही, बायकांबरोबर खाली बसले. फुकट बसवत नाही म्हणून फाडायला आलेल्या शर्टांची बटणं काढून द्यायला लागले. तिथल्या बायकांना हातात कापड आलं की आधी कळतं ते कुठे फाटेल. त्यांच्यात चांगुणाबाई म्हणून एक आहे, नांदेडकडची, माझ्याहून थोडी लहान. ऑगस्टमध्ये एकदा तिने विचारलं, “बाई, तुमी दर गुरवारी येता, हुडकता तरी काय?” त्यांच्यापैकी कुणाला मी अजून सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती. त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं. कुणाचं लुगडं, कुठे नेसलेलं, कुणी विकलं. काहीच गाळलं नाही. कापड फाडायचे आवाज थांबले.

चांगुणाबाईने विचारलं, “तांबड्या दोऱ्याचं रफू होतं का?”

तिच्या लेकीला जानेवारीतच मूल झालं होतं. बाळाला नवं कापड टोचतं, म्हणून ही पोत्यात कुठे मऊ पांढरं दिसलं की गोदामवाल्याला सांगून हातभर कापड घरी न्यायची. खांद्याकडचा तो भाग फाडताना रफूपाशी तिचा हात अडला. असे टाके आता कुणी घालत नाही म्हणून तिने तेवढा तुकडा अख्खा ठेवला. बाकीच्या लुगड्याचे तुकडे झाले, कुठे गेले ते कुणी सांगू शकणार नाही. हा दीड हात राहिला, आणि सात महिने एका लेकराच्या अंगाखाली होता.

मी तिच्याबरोबर तिच्या खोपटात गेले. पोरगं त्यावरच झोपलं होतं. तिने त्याला अलगद उचललं, तुकडा काढला, धुतला आणि कुडावर वाळत घातला. वाळेपर्यंत आम्ही दोघी बाहेर बसलो. मी स्टीलचं पातेलं पिशवीत घालून नेलं होतं, झाकणासकट. ते तिच्यापुढे ठेवलं. ती म्हणाली, “पातेलं काय करायचं? लेकराला काई मऊ असंल तर द्या.” मी घरी आले, विलासच्या बाबांनी शेवटचं आणलेलं हिरवं लुगडं काढलं, तेच माझ्याकडे सगळ्यांत मऊ आहे, आणि दुसऱ्या दिवशी नेऊन दिलं. तिने माझ्यासमोर टर्रकन फाडलं. मला बरं वाटलं. पातेलं गोजराला दिलं. तिने ते घेताना चारही बाजूंनी ठोकून पाहिलं, मी कुठे पोचा पाडला की काय म्हणून. मग मला फुकट एक चमचा दिला.

तर पाकिटात तो तुकडा आहे आणि तुझी चिठ्ठी आहे. चिठ्ठीला स्टोव्हच्या पिनांचा थोडा गंज लागला आहे, अक्षर शाबूत आहे. आयुष्यात मी कापडाचा तुकडा रिकामा ठेवला नाही. त्याचं पायपुसणं होतं, पिशवी होते, निदान डब्याचं फडकं होतं. ह्या तुकड्याचं मी काही केलेलं नाही. इस्त्रीसुद्धा केली नाही. तूही त्याचं काही करू नकोस. तो नुसता राहू दे.

हे घेऊन मी स्वतः तुझ्या दारात यावं, असं विलासचं म्हणणं होतं. हातात तुझ्या आईचं लुगडं असलेल्या सासूला तू दारातून परत पाठवणार नाहीस, एवढं त्यालाही कळतं. मलाही कळलं होतं. म्हणूनच पोस्टाने पाठवते. ते तुझं आहे आणि तुला मिळालं. त्याच्या बदल्यात मला काही नको. घासाघीस मी पुष्कळ केली.

आता माझं एक काम आहे, ते तुला कळवून ठेवते.

यंदा दसऱ्याला नागपूरच्या त्या दिवसाला तीस वर्षं होतात. मी जाणार आहे. पोस्टातले माझे पैसे काढले. स्टोव्ह विकावा असंही एकदा मनात आलं होतं, गॅसचा नंबर लागलाय आणि पितळेला भाव आहे. नाही विकला. चांगला चालतो, त्याचा काय दोष? दसऱ्याच्या तीन दिवस आधी निघते. मनमाडला गाडी बदलून पूर्णेला उतरेन. तुझ्या दादाच्या घरी येणार नाही, कुणाला पेचात टाकायला मी येत नाही. स्टेशनात बाकावर बसेन. भाकऱ्या बरोबर असतील, निवडायला तांदूळही असतील. अकोल्याची गाडी रात्री आहे, म्हणजे दिवसभर मी तिथेच आहे. अकोल्याहून पुढे नागपूर.

माझ्याबरोबर विलास नाही. त्याला मी सांगितलं, हे बायकांचं आहे. त्याने ऐकलं आणि एक पुडकं माझ्या हातात दिलं. पोत्यांतून वेचलेले पांढरे तुकडे आहेत, सतरा की अठरा. त्यांतला एकही तुझ्या आईचा नाही हे त्यालाही माहीत आहे, पण टाकवले नाहीत म्हणाला. पोरगा माझ्यावर थोडा गेला आहे म्हणायचा.

पूर्णेहून नागपूरची तिकिटं मी खिडकीवर काढणार आहे. चार महिन्यांच्या मुलीला तिकीट लागत नाही, ते इथे विचारून ठेवलं. तू आलीस तर तुझ्या आईने पोराला काखेत घेऊन कुठे पाय ठेवला ते तुझ्या लेकीला दाखवू, आणि मी तुमच्या मागून येईन. परत येताना तू पूर्णेला उतरलीस तरी मी काही म्हणणार नाही. तू आली नाहीस तर मी एकटी जाईन, रागावणार नाही, मन शांत आहे. या वेळी खरंच शांत आहे.

तू ये किंवा नको येऊस, तिकिटं मी दोन काढणार आहे. एक फुकट गेलं तरी चालेल.

तुझी,
वेणू